ठेवणीतली सायकल

आमच्या वाडीचं नाव सांगून काही उपयोग नाही, नकाशात ती सापडायची नाही. कोरेगावहून पाच मैल आत यायचं, ओढा ओलांडायचा, चढ चढायचा, की पहिली चार घरं दिसतात. त्या काळात एस.टी. सकाळी सातला यायची आणि संध्याकाळी सातला, तीही ओढ्याला पाणी नसलं तर. मधल्या वेळात कुणाला कुठं जायचं असलं तर देवानं दोन पाय दिलेले होतेच.

या वाडीतून हायस्कुलात गेलेल्या पहिल्या चार मुलींतली मी एक, विजयमाला. पुढं तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. निरोपसमारंभात "तुम्हाला कुणी घडवलं?" असं विचारलं, तेव्हा मी ठरलेली नावं घेतली आणि खाली बसले. खरं नाव घेतलं नाही. ते घेताना मला रडू येतं, आणि चारचौघांत रडणाऱ्या बायकांचा मला राग येतो. इथं मला कुणी बघत नाही म्हणून सांगते. नाथाजी त्यांचं नाव. आम्ही पोरं त्यांना नाथानाना म्हणायचो.

नाना पायदळातले शिपाई. सोळा वर्षं पलटणीत काढून बहात्तर साली पेन्शनीवर घरी आले. उंच, काटक, केस बारीक कापलेले, पायांत कायम पलटणीचे काळे बूट. घरात बायको रंगूकाकी आणि मुलगी अंजना. अंजना माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. आम्हा दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

त्यांच्या घरात तुळईला एक सायकल टांगलेली होती. हिरव्या रंगाची, पुढं दिवा, मागं कॅरिअर, चेनला झाकण. पोत्यात गुंडाळून दोन दोरांनी वर बांधलेली. रंगूकाकीच्या वडलांनी ती लग्नात जावयाला मान म्हणून दिली होती. वाडीत आलेली ती पहिली सायकल. जावयाला सायकल येत नाही हे व्याह्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि जावयानंही मोठेपणा घेऊन ती ठेवून घेतली. घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं, असं वाडी तेव्हा हसली होती म्हणे.

पूर्वी दर खंडेनवमीला ती खाली उतरायची. काकी तेलाच्या फडक्यानं पुसायची, हळदकुंकू लावायची, हँडलला झेंडूची माळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर बांधायला लावायची. आमच्याकडं ठेवणीतलं लुगडं असतं, ठेवणीतली भांडी असतात, तशी ही ठेवणीतली सायकल. पण हे सगळं मी ऐकलेलं. मला कळायला लागल्यापासून ती एकदाही खाली आलेली नव्हती. ते का थांबलं, हे आम्हा पोरांना कुणी सांगत नव्हतं.

नाना पेन्शनीवर आले आणि आठ दिवसांत त्यांनी दोर सोडले. काकी उठून मागच्या परड्यात गेली. टायर चिरलेले होते, चेन गंजलेली होती. दुष्काळाचं साल ते. अर्धी वाडी खडी फोडायला निघाली होती आणि त्या गर्दीतून नाना सायकल ढकलत कोरेगावला चालले होते. पारावर बसलेल्या आप्पासोंना राहवलं नाही.

"नाथाजी, घोडं लंगडं हाय व्हय रं?"

"घोडं बेस हाय, आप्पा," नाना म्हणाले. "स्वार लंगडा हाय."

सगळे हसले. नानाही हसले आणि ढकलत पुढं गेले. संध्याकाळी परत आले ते तशीच ढकलत, फक्त टायर नवे होते आणि चेनला तेल होतं. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर त्यांनी आम्हा पोरांना गोळा केलं आणि कुणाला शिकायची म्हणून विचारलं. ठेवणीतल्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती होईना. मी नऊ वर्षांची होते आणि आगाऊ होते. मी हात वर केला.

नानांची शिकवायची तऱ्हा पलटणीची. पहिले आठ दिवस सायकलीवर बसायचंच नाही, नुसती ढकलत हिंडवायची. तिचं वजन अंगाला कळलं पाहिजे, म्हणायचे. मग चाक काढायचं, पंक्चर काढायचं, चाक बसवायचं. मग नळीखालून पाय घालून तिरकं चालवायचं आणि शेवटी सीटवर. मागं कॅरिअर धरून नाना पळत असायचे. ते धावायला लागले की बघत राहावं. पलटणीत धावण्यात त्यांचा पहिला नंबर होता. पोर पडलं तर उचलायचे नाहीत, शेजारी उभे राहायचे. "पडलास न्हवं? आता उठनं तुझं काम," म्हणायचे. खरचटलेल्या गुडघ्याला हळद मात्र स्वतः लावायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. नुसतं फिरायला सायकल मिळायची नाही. काम सांगायचं, मगच सायकल. दळण घेऊन पायी निघालेलं पोर दिसलं की नाना वाट अडवायचे. "डोक्यावर कशाला? ती हुबी हाय की." म्हातारीचं औषध आणायचं आहे? पोस्टात पत्र टाकायचं आहे? मळ्यात भाकरी द्यायची आहे? घेऊन जा. पैसा नाही, हिशेब नाही. आल्यावर पुसून जागेवर लावायची, एवढंच.

मग काय, आम्ही पोरं कामं हुडकायला लागलो. ज्या पोरांना हाक मारून मारून आयांचे घसे सुकायचे, ती पोरं सकाळी उठून विचारायला लागली की काही आणायचं आहे का. एका आठवड्यात मी तीनदा मीठ आणलं. चौथ्यांदा निघाले तेव्हा आई म्हणाली, "आता काय मिठागर घालायचं हाय का?" तीन वर्षांत वाडीतली वीसेक पोरं सायकल शिकली आणि हळूहळू घरोघर जुन्या सायकली यायला लागल्या. आमच्या वडलांनीही एक आणली.

एक गोष्ट मला सारखी खटकायची. नाना स्वतः कधी बसायचे नाहीत. कोरेगावला जायचं तर पायी. मला गप्प बसवत नसे. एके दिवशी सगळ्या पोरांसमोर मी विचारलं, "नाना, तुम्हाला येतच न्हाई न्हवं?"

"न्हाई," ते म्हणाले.

"मग शिका की. मी धरते मागनं."

पोरं खिदळली. नाना म्हणाले, "माजी येळ गेली गं, विजे." मला ते वयाबद्दल वाटलं. घरी येऊन मी ते फुशारकीनं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईनं माझ्या थोबाडीत मारली. मग तीच रडायला लागली आणि तिनं मला सांगितलं.

अंजनाच्या आधी नाना-काकींना एक मुलगा होता. कृष्णात. चार वर्षांचा. नाना दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले की तो त्यांच्या खांद्यावरून उतरायचा नाही. अशाच एका सुट्टीत नानांनी काकीला विचारलं होतं, "सायकल उतरवू का? ह्या वक्ताला शिकून घेतो." काकी म्हणाली, "नगा. कृष्णात मोठा हू द्या. त्योच पयल्यांदा बसंल तिच्यावर. तंवर नवी ऱ्हाऊ द्या." नानांना ते इतकं आवडलं की त्यांनी सायकलीभोवती आणखी एक पोतं गुंडाळलं.

पुढच्या सुट्टीत, चौसष्ट साली, कृष्णातला घटसर्प झाला. घसा सुजला, श्वास घरघरायला लागला. सकाळची एस.टी. निघून गेलेली होती. बैलगाडीला अडीच तास लागले असते. सायकल डोक्यावर लटकत होती, पण तिच्या चाकांत हवा नव्हती आणि चालवणारं माणूस अख्ख्या वाडीत नव्हतं. नानांनी पोराला छातीशी घेतलं आणि ते पळत सुटले. पलटणीतला पहिला नंबर. त्यांच्यामागं माझे वडील बाळासो धावले आणि त्यांच्याही मागं, तान्ह्या अंजनाला काखेत घेऊन, काकी.

कोरेगावात डॉक्टरांनी पोराला हात लावला आणि म्हणाले, "आत्ताच गेलाय. अर्धा तास आधी यायला पाहिजे होतं."

नानांनी विचारलं, "डाक्टरसाब, सायकलीवर पाच मैलाला किती येळ लागतो?"

डॉक्टरांना काय कळणार? त्यांनी सरळ उत्तर दिलं. "लागेल अर्धाएक तास." नाना पळत आले त्याला तासाच्या वर झाला होता. हे वडलांनी ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, आणि त्यानंतर आमच्या घरात त्याचा उच्चार झाला नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. "मी धरते मागनं" असं मी त्या माणसाला म्हणाले होते. आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्या जिभेची चीड येते.

नाना आणि काकी एकमेकांना कधी दोष देत नव्हते. काकी म्हणायची मी अडवलं, नाना म्हणायचे मी ऐकलं, आणि हेही ते आपापल्या मनात. नानांनी त्यावर आपला उपाय शोधला होता. वाडीत असं एक पोर राहू द्यायचं नाही की ज्याला पाच मैल सायकल मारता येत नाही. काकीला ते जमलं नाही. कृष्णातनं पहिल्यांदा बसायचं होतं त्या सायकलीवर गावची पोरं बसत होती. अंगणात घंटी वाजली की ती परड्यात जायची आणि आवाज थांबेपर्यंत बाहेर यायची नाही. नानांना तिनं एकच सांगून ठेवलं होतं. "गावाची पोरं शिकवा. मी आडवी येनार न्हाई. माजी पोर त्या सायकलीवर बसायची न्हाई." मला तेव्हा काकी दुष्ट वाटायची. लहान होते, म्हणून स्वतःला माफ करते.

शहात्तर साली आम्ही सातवी पास झालो. तिथवरची शाळा पलीकडच्या गावात होती, मैलभरावर. आठवीला कोरेगाव. मुलगे सायकलीनं जायलाही लागले होते. मुलींचं कुणी बोलेना. नाना चार घरी गेले. शेवटी आमच्याकडं आले. वडील बैलांना वैरण घालत होते.

"बाळासो, विजीला धाड शाळंला."

"पोरगी सायकलीवर पाच मैल? लोक काय म्हनतील, नाना?"

"म्हनू द्यात," नाना म्हणाले. "पाच मैल कितीक असत्यात ते तुला ठावं हाय."

वडलांनी हातातली वैरण खाली ठेवली. बराच वेळ ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे तिला." बाकीच्या तीन घरांत नानांना चार-चार खेपा घालाव्या लागल्या.

चार घरं पालथी घालून नाना आपल्या घरी गेले आणि काकीसमोर बसले. अंजनानं दाराआडून ऐकलं, आणि मला सांगितलं. नाना म्हणाले, "रंगू, अंजीबी जाऊ दे ह्यांच्यासंगं." काकी म्हणाली, "मी तुमास्नी आजवर काय मागितलं न्हाई. ह्ये एक मागते." नाना उठले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. अंजनाची शाळा सातवीतच संपली.

वाडी काय, बोलायला मोकळीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं पारावर उघड म्हणायचे. नाना ऐकून घ्यायचे. पहिला महिनाभर ते आम्हा चौघींच्या सायकलींमागं धावत कोरेगावपर्यंत येत होते, चाळिशीला टेकलेला माणूस. मग रस्ता आमच्या अंगवळणी पडला तसे ते ओढ्यावर थांबायला लागले. संध्याकाळी आम्ही आलो की एक, दोन, तीन, चार असं मोजायचे आणि वर चालायला लागायचे. पाचवी नव्हती, ते आम्हाला मोजताना ऐकू यायचं.

सकाळी आम्ही निघायचो तेव्हा अंजना दारात खराटा घेऊन उभी असायची. हसायची. तिचं ते हसणं मला सहन व्हायचं नाही. ती माझ्याहून हुशार होती, हे मी शिक्षिका म्हणून सांगते आहे, मैत्रीण म्हणून नाही. दिवाळीनंतर मी ठरवलं. रविवारी आम्ही गवताला जायचो. उसाच्या रानातून एक पांदीची वाट जायची, दोन्ही बाजूंना ऊस, आत काय चाललंय ते बाहेर दिसत नसे. तिथं मी माझी सायकल न्यायची आणि तिला शिकवायची. नानांचीच तऱ्हा, आधी ढकल, मग चाक काढ, मग बस. ती पडली, गुडघा फुटला, घरी जाऊन वासरानं ओढलं म्हणून सांगितलं. उन्हाळा येईपर्यंत ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली.

"आता नानांना सांगू या," मी म्हणाले.

"आत्ता नगं," अंजना म्हणाली. "दसऱ्याला."

तिचा बेत पक्का होता. नाना आल्यापासून खंडेनवमीला सायकल पुन्हा पुजली जात होती. आम्ही सगळी पोरं जमायचो, नाना माळ घालायचे. त्या दिवशी सगळ्यांसमोर ती माळ घातलेल्या सायकलीवर बसणार, मारुतीला एक फेरी मारणार आणि नानांच्या पुढ्यात येऊन उतरणार. सणाचा दिवस, चार माणसं जमलेली, आई काही बोलू शकणार नाही. मग शाळा. मला तो बेत इतका आवडला की मी वर तिला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. उन्हाळा गेला, पाऊस सरत आला. आम्ही दसऱ्याचे दिवस मोजत होतो.

एकदा ओढ्यावर नानांनी मला मागं थांबवलं. बाकीच्या पुढं गेल्या.

"विजे, अंजीला तुज्या शाळंतलं सांगतीस न्हवं?"

"सांगते की."

"सायकलीचंबी सांगत जा. नुसतं तोंडी. कसं बसायचं, कसं उतरायचं. ऐकून तरी ठावं असावं पोरीला."

त्यांनी काकीला शब्द दिला होता. तो मोडायचा नाही म्हणून माणूस तोंडी सायकल शिकवायला सांगत होता. आणि मी मान खाली घालून मनात हसत होते, की दसऱ्याला कशी गंमत येईल! त्या वेळी मी सांगायला हवं होतं. दोन शब्द होते, "येते तिला." ओढ्याच्या पाण्यात उभं राहून मी ते दोन शब्द गिळले.

गणपती गेल्यावर, दोन-तीन दिवसांतच, एका मंगळवारी अकरा-साडेअकराला आमचा इतिहासाचा तास चालू होता. माझी जागा खिडकीशी, रस्त्याच्या बाजूला. न थांबता वाजणारी घंटी ऐकू आली. वाटेत कुणी आडवं नसताना कुणी एवढी घंटी वाजवत नाही. मी बाहेर बघितलं. हिरवी सायकल. परकर खोचलेला, पाय अनवाणी, एक वेणी सुटलेली, अंजना पायडलवर उभी राहून सायकल मारत होती. मी उठले आणि न विचारता बाहेर पळाले. बाई मागून ओरडत होत्या.

"नाना," ती म्हणाली. "छातीत कळ." ती रडत नव्हती. दवाखाना कुठं, एवढंच तिनं विचारलं.

डॉक्टरांनी पेशंट तसेच सोडले आणि फटफटी काढली. आम्ही दोघी त्यांच्यामागं सायकलींवर निघालो. पाच मैल ती सारखी माझ्यापुढं होती. ओढा ओलांडला आणि चढाला लागलो तेव्हा वरून बायकांचं रडणं ऐकू आलं. अंजना सायकलीवरून उतरली. राहिलेला चढ तिनं सायकल ढकलत चढला. मीही उतरले.

डॉक्टरांनी वडलांना बाजूला घेऊन सांगितलं, "झटका मोठा होता. मी इथं शेजारी बसलेलो असतो तरी काही करता आलं नसतं. पोरीनं कुठंही वेळ घालवलेला नाही." वडील नुसती मान हलवत राहिले. वेळेचा हिशेब त्यांनी याआधीही एकदा ऐकला होता.

चौदावं झाल्यावर काकीनं मला बोलावून घेतलं. मी भीत भीत गेले. ती जोत्यावर बसली होती. सायकल भिंतीला टेकवलेली होती, त्या दिवशीचा चिखल तिच्यावर तसाच होता. नानांनी अशी कधी राहू दिली नसती. अंजना आत भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता.

"बस," काकी म्हणाली. मग माझ्याकडं न बघता ती बोलायला लागली.

"परड्यात वांग्यास्नी पानी घालत हुते. आत आले न् म्हनले, रंगू, छाती दुखतीया. घाम नुसता. मी भाईर धावले. समदी मानसं रानात. पारावर कोंडीबा म्हातारा तेवढा. सायकल येनारं एकबी पोर वाडीत न्हवतं. समदी शाळंला. त्येनीच धाडलेली. अंजी म्हनली, आये, मला येतीया. मी तिच्या तोंडाकडं बगितलं. इचारायला येळ न्हवता. मीच सायकल फिरवून हँडल तिच्या हातात दिलं."

मी भिंतीशी टेकवलेल्या सायकलीच्या हँडलकडं बघितलं.

"आत आले. त्येंचं डोस्कं मांडीवर घेतलं. त्येनी घंटी ऐकली हुती. म्हनले, कोन गेलं? मी म्हनलं, अंजी गेली. म्हनले, ढकलत गेली?" काकीनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. "मी म्हनलं, न्हाई. बसून गेली."

"मग, काकी?"

"मग काय न्हाई. कान देऊन ऐकत हुते. वड्याच्या उतारापातूर घंटी ऐकू येत हुती. तंवर हुते."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"कवापास्नं येतीया तिला?" काकीनं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "उन्हाळ्यापासून."

"त्येस्नी ठावं हुतं?"

"न्हाई, काकी. दसऱ्याला दाखवनार हुतो. सगळ्यांसमोर. म्हनून ठेवलं हुतं." मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच मला वाटत होतं. त्या माणसाला सहा महिने सुख मिळालं असतं. ओढ्यावर मोजताना त्यानं मनातल्या मनात पाच म्हटलं असतं. आम्ही ते सुख सणासाठी राखून ठेवलं.

काकी रागावली नाही. चिखलानं भरलेल्या सायकलीकडं तिनं बघितलं.

"मीबी आसंच ठेवलं हुतं," ती म्हणाली.

मग ती उठली, फडकं भिजवून आणलं आणि सायकल पुसायला बसली. मीही बसले. तिनं चाकं पुसली, मी नळी पुसली.

त्या वर्षी त्यांच्याकडं दसरा नव्हता. पण त्याच्याही आधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, आम्ही चौघी निघालो तर अंजना दारात सायकल घेऊन उभी होती, हँडलला भाकरीचं फडकं बांधलेलं. तिचं नाव घालायला माझे वडील संध्याकाळी हेडमास्तरांकडं जाणार होते, तोवर बाहेर बसीन म्हणाली. ती सीटवर चढली. रंगूकाकीनं मागून कॅरिअर धरलं आणि नऊवारी सावरत ती सायकलीमागं पळायला लागली. धरायची काही गरज नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ओढ्याच्या उतारापर्यंत ती तशीच पळत आली. मग तिनं हात सोडला, आणि आम्ही पाचजणी खाली उतरलो.